पाला काढणाऱ्या हातांना आधी कळतं

गगनबावड्याचा पाऊस पाहिल्याशिवाय आमच्या उसाची दुखणी कळायची नाहीत. एकाच कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला वर्षाकाठी ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि इकडे करूळ-भुईबावडा घाटांच्या माथ्यावर तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कुंभी पात्राबाहेर येते, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढतं आणि तालुका कोल्हापूरपासून तुटतो. हा मुलूख मुळात भाताचा आणि नाचणीचा. लखमापूरला कुंभीवर धरण झालं, असळजच्या बाजूला साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस डोंगराच्या पायथ्याला जाऊन भिडला. लग्न होऊन मी इथे आले, शाळेत शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी सासूबाईंबरोबर उसात वाकले. नोकरी संपल्यावर शेत पूर्णवेळ हाती आलं. उसाच्या रोगांविषयी जे उमगलं ते थोडं पुस्तकातून आणि बरंचसं पाल्याच्या भाऱ्याखाली. ते इथे मांडते आहे. ज्याचं शिवार निराळं, त्याला त्याचं निराळं सापडेल.

१. रोग सगळ्यांत आधी बायकांना दिसतो. बांधावर उभं राहून पाहिलं की ऊस हिरवागारच असतो. खालची पानं काढून म्हशीला वैरण न्यायची, हे काम आमच्याकडे बायकांचं. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन सरीत वाकलं की पान न् पान हाताखालून जातं. एका श्रावणात भारा बांधता बांधता आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, बोटं माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "वीट घासल्यागत झाल्यात बघ." पान उलटं केलं. खालच्या बाजूला शिरांच्या दिशेने बारीक, लांबट फोड आले होते आणि त्यांतून तपकिरी-नारिंगी भुकटी सुटत होती. तो तांबेरा. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, वाऱ्याबरोबर पुढच्या शेतात जाणारे. त्याच सरीतल्या दुसऱ्या पानांवर लालसर तपकिरी, लंबगोल ठिपके होते, प्रत्येकाभोवती पिवळी कडा. ते कितीही चोळले तरी बोटाला काही लागेना. "ह्ये दुसरं दुखणं हाय," आत्ती म्हणाल्या. खरोखरच ते दुसरं होतं: तपकिरी ठिपके, वेगळ्या बुरशीमुळे येणारे. बोटाला लागतं तो तांबेरा, लागत नाही ते ठिपके. वनस्पतीरोगशास्त्राचं एकही पान न वाचता आत्तींकडे ही परीक्षा तयार होती. मी नंतर फक्त नावं शोधली.

२. आमच्या पावसात फवाऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. दोन्ही रोगांना दमट, ढगाळ, गार हवा मानवते, आणि ती आम्हाला जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुकट मिळते. मॅन्कोझेब १० लिटर पाण्याला ३० ग्रॅम, सोबत चिकटद्रव्य, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा, ही शिफारस मला पाठ आहे आणि ती चुकीची नाही. पण फवारलेलं पानावर वाळायला चार-सहा तासांची उघडीप लागते. आषाढात ती कुठून आणायची? शिवाय ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. पाठीवर पंप घेऊन आत शिरलं की पात्याची धार दंड चिरते, कूस टोचते आणि फवारा माणसाच्याच अंगावर उडतो. आता काही ठिकाणी ड्रोन येतात, ते चांगलंच आहे. तरी ज्या शेतात वारा खेळत नाही, तिथे वरून कितीही पाणी उडवलं तरी खालच्या पानांपर्यंत ते पोचत नाही. म्हणून मला वाटतं, गगनबावड्यात तांबेऱ्याचा खरा बंदोबस्त लावणीच्या दिवशी होतो: सरी साडेचार-पाच फुटांची ठेवली का, हे त्या दिवशी ठरतं. पुढचं काम पाला काढण्याचं. रोगट खालची पानं निघाली की आत उजेड येतो, वारा येतो, बुरशीचा साठा कमी होतो. वैरणीसाठी बायका पिढ्यान् पिढ्या जे करत आल्या, त्यात रोगाचा अर्धा इलाज होता. एवढंच की अगदी हिरवी, कामाची पानं ओरबाडायची नाहीत. वरची आठ-दहा पानं उसाची भाकरी करतात, ती त्याच्याकडेच राहू द्यायची.

३. काळाभोर ऊस पाहिला की गावाला आनंद होतो, आणि बुरशीलाही. युरियाने पान रुंद, मऊ, लुसलुशीत होतं. तांबेरा आणि ठिपके अशाच पानावर जोमात येतात. हे सगळे तज्ज्ञ सांगतात. पण आमच्या जमिनीचं एक गाऱ्हाणं त्यात येत नाही. जांभ्या मातीत, उतारावर, इतक्या पावसात टाकलेलं नत्र टिकतच नाही. ओढ्याने कुंभीत जातं. ऊस पिवळा पडतो, मग माणूस आणखी एक पोतं टाकतो, आणि दोन दिवसांची उघडीप मिळाली की ते सगळं एकदम लागू पडून पान फोफावतं. "युरिया कमी टाका" एवढं सांगून इथल्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. मेअखेर मोठ्या बांधणीच्या वेळी खत मातीआड करायचं, धो-धो पावसात काही टाकायचं नाही, आणि पाऊस ओसरल्यावर गरज पाहून थोडं द्यायचं, हे आम्हाला जमण्यासारखं आहे. सोबत पालाश हवंच. पालाश कमी पडलेल्या उसाचं पान रोगाला लवकर बळी पडतं आणि नेमकं तेच खत महाग म्हणून आधी वगळलं जातं.

४. काही रोगांत थांबायला धीर लागतो. पोक्का बोईंग पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पोंग्यातली कोवळी पानं बुडाशी पांढरट पडतात, चुरगळतात, एकमेकांत पिळून अडकतात; जास्त झालं तर शेंडाच कुजतो आणि ओढला की दुर्गंधीसकट हातात येतो. कांडीवर सुरीने आडवे काप घेतल्यासारख्या खाचा पडलेल्याही मी पाहिल्यात. हा पावसाळ्याचा रोग, फ्युजॅरियम बुरशीचा. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी जावा बेटावर त्याची पहिली नोंद झाली. गावात दोन-चार फडांत शेंडे वाकडे दिसले की दुकानात रांग लागते आणि जो जे देईल ते घरी येतं: बुरशीनाशकाबरोबर टॉनिक, टॉनिकबरोबर कीटकनाशक. खरं म्हणजे बहुतेक ऊस पाऊस सरल्यावर, ऊन पडल्यावर आपोआप सावरतात. वाकडं पान पुढे सरकतं आणि नवं सरळ येतं. ज्यांचा शेंडाच कुजला तेवढे ऊस काढून बाहेर न्यायचे, लागण फारच पसरत असेल तर कृषी सहायकाला दाखवून उघडिपीत एखादी फवारणी घ्यायची. रोजच्या रोज शेंडे मोजत बसणाऱ्या माझ्या पुतण्याला मी एवढंच म्हणते की पंधरा दिवस थांब आणि मग परत ये. हे थांबणं आळसाचं नव्हे. रोज जाऊन पाहायचं आणि तरी हात आवरायचा, हे फवारण्यापेक्षा अवघड असतं.

५. आणि काही रोगांत एक दिवसही थांबायचं नसतं. खोडव्याला चाबूक आला की तो काढायचा तो त्याच दिवशी. चाबूक काणीत उसाच्या शेंड्यातून पानांऐवजी लांब, काळा, वाकलेला चाबूक बाहेर पडतो. सुरुवातीला त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो. तो शाबूत आहे तोवर आपल्या हातात काही आहे. पापुद्रा फाटला की आतली काळी भुकटी वाऱ्यावर जाते, आणि तिच्यातल्या असंख्य बीजाणूंपैकी काही शेजारच्या उसाच्या डोळ्यांवर, काही मातीत बसतात. आमच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आधी जो वारा सुटतो त्याला एवढंच काम पुरतं.

चाबूक काढायची रीत मी आमच्या मजुरणीकडून पाहिली. सकाळी दंव असताना, वारा पडलेला असताना ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. चाबकाला हात न लावता पिशवी वरून सावकाश खाली उतरवली, तोंड मुठीत आवळलं, मग खालून विळ्याने कापलं. पिशवी उघडली नाही. तशीच चुलीवरच्या उकळत्या पाण्यात घातली. त्यानंतर कुदळ घेऊन ते अख्खं बेट मुळासकट उपटलं, कारण राहिलेल्या फुटव्यांतूनही पुढे चाबूकच येतो. तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "शिकवायचं काय त्यात, बाई? काळं उडतंय ते उडू द्यायचं न्हाई." शेतीच्या पुस्तिकेत हीच कृती दिलेली आहे. पण घाईघाईत चाबूक उपटून खांद्यावर टाकून सगळ्या शेतातून मिरवत नेणारेही मी पाहिलेत, आणि पुढच्या वर्षी त्याच वाटेने चाबूक उगवलेले. असा ऊस फार झाला असेल तर खोडवा धरायचाच नाही. खोडव्यात खर्च कमी म्हणून जीव गुंततो. काणी लागलेल्या फडात ती बचत दुप्पट जाते.

६. बहुतेक रोग आपण स्वतः, मानाने, घरी आणतो. बेण्याबरोबर. आमच्या भागात बेणं पाव्हण्यांकडून येतं. अमक्याचा ऊस बरा दिसला, म्हणून त्याच्याकडून एक ट्रॉली. पैसे घेतले तर नातं दुखावतं, नाही म्हटलं तर त्याहून दुखावतं. या देण्याघेण्यात माणुसकी आहे आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण काणी, गवताळ वाढ, मर, मोझॅक, पिवळ्या पानाचा रोग हे सगळे टिपऱ्यातून प्रवास करतात. गवताळ वाढ तर महाराष्ट्रातलंच दुखणं: १९४९च्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या बेलापूर परिसरात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. बुडातून गवतासारखे बारीक, पांढरट फुटवे येतात आणि त्यांचा ऊसच होत नाही. जबाबदार जीव फायटोप्लाझ्मा. त्याला मारणारं औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. बेट उपटणं आणि निरोगी बेणं, एवढेच दोन मार्ग.

सगळ्यांत लबाड मला वाटतं ती खोडव्याची खुजी वाढ. तिचं वरून काहीच लक्षण दिसत नाही. पानं हिरवी, ऊस सरळ, फक्त दर वर्षी थोडा बारका आणि थोडा आखूड. आपण म्हणतो, जमीन थकली. खरं कारण उसाच्या नळ्यांत बसलेला जीवाणू असतो. बुडाची कांडी उभी चिरली तर पेऱ्यापाशी नारिंगी-तांबूस ठिपके कधी दिसतात, कधी तेही नाहीत. तो बेण्यातून जातो आणि बेणं तोडणाऱ्या कोयत्याच्या पात्यावरूनही. म्हणून बेणं तोडताना कोयता मधून मधून जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवावा, हे मी आता आग्रहाने करवून घेते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तोडणारे एकमेकांकडे पाहून हसले. आता बादली तेच आणून ठेवतात.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच राज्यात तयार होतो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२पासून आहे; पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे; कोल्हापुरात ऊस आणि गुळाचं संशोधन केंद्र आहे. बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या उष्ण, बाष्पयुक्त हवेत अडीच तास ठेवतात. त्यात आतले रोगजंतू दबतात आणि डोळा जिवंत राहतो. त्यापासून मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा पायऱ्यांनी ते शेतकऱ्यापर्यंत येतं. थोडंसं पायाभूत बेणं आणून पाच-दहा गुंठ्यांचा बेणेमळा आपल्याच शेतात केला की घराला पुरतं आणि पाव्हण्यांनाही देता येतं. दर तीन-चार वर्षांनी ते बदलायचं. बेणं दहा-अकरा महिन्यांचं, लावणीच्या उसाचं. खोडव्याचं कधीच नाही. दोन डोळ्यांची टिपरी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून दहा मिनिटं बुडवायची, त्यानंतर ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जीवाणूंच्या द्रावणात अर्धा तास. लावणीच्या धांदलीत ही बादली पहिल्यांदा विसरली जाते. बैल उभे असतात, माणसं उभी असतात, पाणी सुटलेलं असतं. आमच्याकडे आता बादलीचं काम जावेच्या धाकट्या मुलीकडे आहे. ती घड्याळ लावून बसते आणि दहा मिनिटं व्हायच्या आत कुणाला टिपरी उचलू देत नाही.

अलीकडे एक डोळ्याची रोपं ट्रेमधून येतात. सोय मोठी आहे. पण रोपवाटिकेचं मूळ बेणं कुठलं, हे विचारणारे थोडे. एका रोगट बेणेमळ्याची रोपं चार तालुक्यांत जाऊ शकतात. रोपाचा भाव विचारण्याआधी मी बेण्याचं गाव विचारते. सांगायला कां-कूं केलं तर परत येते.

७. सारखं दिसणारं सगळं सारखं नसतं. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत ऊस पांढरा पडतो, त्याला तिकडे केवडा म्हणतात. ती लोहाची कमतरता. फेरस सल्फेटच्या फवाऱ्याने सुधारते. आमच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत केवडा क्वचित. म्हणून इकडे बेटातून पांढरे, बारीक, दाट फुटवे दिसले तर शंका गवताळ वाढीची घ्यायची आणि कुदळ आणायची. तिकडचा सल्ला इकडे चालवला की महिना वाया जातो.

८. भाताचं खाचर उसासाठी आपोआप शेत होत नाही. ज्या बांधांनी पिढ्यान् पिढ्या पाणी अडवलं, तेच बांध उसाच्या मुळावर येतात. साचलेल्या, गार पाण्यात टिपरी उगवायच्या आतच कुजते. अशी टिपरी उकरून चिरली की आतून तांबडी-काळी निघते आणि तिला चक्क पिकल्या अननसाचा वास येतो. अननस रोगाचा हा वास एकदा घेतला की विसरत नाही. कुजलेल्या मातीत तो इतका गोड असतो की अंगावर काटा येतो. मोठ्या उसात पाणी साचत राहिलं तर मुळं गुदमरतात आणि मर रोगाला वाट मिळते: ऊस आतून पोकळ होत जातो, पानं पिवळी पडून वाळतात. औषधाची बाटली इथे फार खालच्या पायरीवर आहे. आधी चर हवा. माथ्याच्या शेतकऱ्याने सोडलेलं पाणी पायथ्याच्याच्या सरीत येतं, म्हणून चर एकट्याला काढताही येत नाही. वरच्या आणि खालच्या भावकीला एका बांधावर बसवावं लागतं. माझ्या अनुभवात उसाच्या रोगावरचं सगळ्यांत कठीण काम हेच आहे. बांधावर बोलणं सुरू झालं की आजोबांच्या वाटणीपर्यंत जातं. पण ज्या वर्षी आमच्या पट्टीतल्या पाच घरांनी मिळून उन्हाळ्यात सलग चर ओढ्यापर्यंत नेला, त्या वर्षीपासून खालच्या वावरात उगवण सलग झाली. त्या खर्चाला कुणी औषध म्हणत नाही, तरी मी त्याला औषधच म्हणते.

९. निसर्गाला वेळ दिला तर तो हातभार लावतो, हे २००२नंतर सगळ्या पट्ट्याने पाहिलं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगलीकडून लोकरी मावा आला आणि बघता बघता कोल्हापूर जिल्ह्यात पसरला. तो रोग नव्हे, कीड. पण तिच्या चिकट गोड पाझरावर काळी बुरशी वाढायची आणि पानं काजळी धरायची. पानाखाली पांढरी लोकर, वर काळा थर. आत गेलेल्या बाईचे केस चिकट होऊन यायचे. गुरं तो पाला खाईनात. लोकांनी मिळेल ते कीटकनाशक मारलं. पुढे कृषी विद्यापीठांनी आणि कारखान्यांनी दुसरी वाट धरली: डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांची वाढ शेडनेटमध्ये करायची आणि त्यांच्या अळ्या-कोष असलेली पानं शेतात नेऊन बांधायची. ज्या शेतात जहाल फवारणी थांबली तिथे ते कीटक टिकले आणि त्यांनी मावा आवरला. त्या काळात कारखान्याच्या, शेतावर येणाऱ्या चिटबॉयने आणून दिलेली दोन पानं आत्तींनी उसाला दोऱ्याने बांधली आणि रोज जाऊन पाहिली. अळी माव्यात तोंड खुपसून बसलेली दिसली त्या दिवशी त्यांनी शेजारच्या वैनींना हाक मारून दाखवली. सत्तरीच्या बाईने किड्याचं कौतुक करावं, याचं मला त्या वेळी फार नवल वाटलं होतं.

१०. एकाच जातीवर जीव टाकणं म्हणजे सगळं गाव एका दोरीने बांधणं. को ८६०३२ ही जात को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आली, १९९६मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली, आणि तिने पश्चिम महाराष्ट्राला खूप दिलं. पाडेगावची फुले २६५ २००७मध्ये आली. गुळासाठी को ९२००५ला आमच्या जिल्ह्यात मान आहे. चांगल्या जातीला नावं ठेवायचं कारण नाही. पण उत्तर प्रदेशात काय झालं ते पाहा. २००९मध्ये प्रसारित झालेल्या को ०२३८ने तिकडची उसाखालची बहुतेक जमीन व्यापली, साखर उतारा वाढवला, आणि मग लाल कुजीने तिलाच धरलं. ऊस चिरला की आत लाल, मध्ये मध्ये पांढरे आडवे पट्टे, आंबट दारूसारखा वास. उभे फड वाळले. १९३८ ते १९४०च्या दरम्यान बिहार आणि उत्तर प्रदेशात को २१३चं असंच झालं होतं. लाल कुज आपल्याकडे तशी मोठी आलेली नाही, आणि ती न येण्याची काळजी आपणच घ्यायची आहे. बाहेरच्या राज्यातलं "जबरदस्त उताऱ्याचं" बेणं कुणी हौसेने गाडीत टाकून आणतो, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तो लाल पट्टा येतो. निदान दोन-तीन जाती शेतात असाव्यात आणि आपल्या पावसात कोणत्या जातीच्या पानावर ठिपके कमी येतात याची नोंद ठेवावी. कोरड्या भागातल्या चाचणीत जी जात स्वच्छ दिसते, ती आमच्या धुक्यात तशी राहीलच असं नाही.

११. नजर कुठे ठेवायची, हे आपण फार उशिरा ठरवतो. आमच्याकडे गव्यांचे कळप जंगलातून उतरतात. एका रात्रीत दहा गुंठे तुडवतात, म्हणून माणसं माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवतात. तो राग मला कळतो. डोळ्यांदेखत नुकसान होतं. रोगाचं नुकसान आवाज करत नाही, त्यासाठी कुणी जागत नाही. आणि जी माणसं रोज आत जातात, ती बैठकीत नसतात. गावात ऊस रोगांवर चर्चासत्र होतं तेव्हा निरोप सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. पुढच्या खुर्च्यांवर जे बसतात त्यांतल्या बऱ्याच जणांनी श्रावणात उसाचं पान उलटं करून पाहिलेलं नसतं, आणि ज्यांची बोटं विटकरी होतात त्या घरी वैरण कापत असतात. तज्ज्ञ चित्रफीत दाखवतात, टाळ्या होतात, पत्रक खिशात जातं.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आमच्या वाडीत आम्ही एक साधी व्यवस्था केली. पाला काढायला जाताना प्रत्येकीच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या. चाबूक, पांढरे फुटवे, पोंगा पिळलेला, काहीही वेगळं दिसलं की त्या बेटाला चिंधी बांधायची आणि संध्याकाळी सांगायचं. चिंधीचं बेट बेण्याला जात नाही. कुदळ घेऊन पुरुष माणसं सकाळी थेट चिंधीकडे जातात, शोधत फिरत नाहीत. गटाचे चिटबॉय पाहणीला आले तेव्हा त्यांनी चिंध्या मोजून वहीत लिहिल्या आणि "काकू, हे बाकीच्या गावांना सांगतो" म्हणाले. मी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्यात. पुढच्या चर्चासत्राचा निरोप घरातल्या बाईच्या नावानेही यावा. आणि बैठक दुपारी चारला ठेवू नये, कारण पाचला धारा काढायच्या असतात. सकाळी अकराला ठेवली तर आम्ही सगळ्या येऊ, आणि येताना पानं घेऊन येऊ.